स्वतःचं पुस्तक स्वतः काढताना होणाऱ्या चुका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत स्वखर्चाने छापील किंवा ई-पुस्तक काढणारे लेखक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. आधी सोपे प्रश्न आहेत, अडनिडे मागाहून. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकाच गोष्टीचा दोन ठिकाणी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्वतः पुस्तक काढायचं म्हणजे नेमकं काय काय माझ्या अंगावर येतं?

लेखनाशिवायचं सगळं. संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), छपाई, साठवण, विक्री, वसुली. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही आता नुसते लेखक राहत नाही, प्रकाशकही होता आणि प्रकाशकाची कामं तुमच्याकडे येतात (प्रश्न १९). पैसे बुडतात ते बहुतेक वेळा दोन ठिकाणी: कच्ची फाइल छापायला गेली म्हणून, नाहीतर गरजेपेक्षा जास्त प्रती छापल्या म्हणून. खालचे निम्मे प्रश्न या दोहोंभोवतीच फिरतात.

२. ‘सगळं आम्ही करतो’ म्हणणाऱ्या कंपनीचं पॅकेज घ्यावं का?

वेळ नसेल तर घ्या, पण पैसे भरण्याआधी पाच गोष्टी लेखी मागा. एक, कॉपीराइट तुमच्याकडेच राहील आणि कंपनीला फक्त ठरावीक मुदतीचा विक्रीहक्क मिळेल. दोन, आयएसबीएन कोणाच्या नावावर घेतला जाईल. तीन, मांडणीची आणि मुखपृष्ठाची मूळ फाइल (नुसती पीडीएफ नव्हे) तुम्हाला मिळेल. चार, लेखकाला जादा प्रती कोणत्या दराने मिळतील. पाच, करार मोडायचा तर किती दिवसांची सूचना द्यावी लागेल.

‘रॉयल्टी १०० टक्के’ हे वाक्य दिसलं की ती कशाच्या १०० टक्के, ते विचारा. छपाई, विक्रेत्याचं कमिशन आणि हाताळणी वजा जाऊन उरलेल्या रकमेच्या १०० टक्के म्हणजे २५० रुपयांच्या पुस्तकामागे वीस-पंचवीस रुपयेही असू शकतात.

३. पहिल्या आवृत्तीच्या किती प्रती छापू?

ज्यांची नावं कागदावर लिहून काढता येतात असे खात्रीचे गिऱ्हाईक मोजा, त्यात भेट आणि अभिप्रायाच्या प्रती मिळवा, आणि तिथे थांबा. ‘हजार छापल्या तर प्रत स्वस्त पडते’ हे प्रेसचं म्हणणं हिशेबाने खरंच असतं, कारण ऑफसेटमध्ये प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च प्रती कितीही असल्या तरी तोच राहतो. पण न खपलेल्या सातशे प्रती पलंगाखाली गेल्या की स्वस्ताई संपते. ओल, कसर आणि वाळवी यांचा हिशेब प्रेसच्या दरपत्रकात नसतो.

ढोबळ मानाने तीनशेच्या आत डिजिटल छपाई (प्लेट न बनवता, थेट फाइलवरून) परवडते, पाचशेच्या पुढे ऑफसेट. मधल्या आकड्यांना दोन्ही दर मागवा. साध्या कादंबरी-कवितासंग्रहाला आधी शंभर-दीडशे डिजिटल प्रती काढून, मागणी पाहून मग ऑफसेटकडे जाणं शहाणपणाचं. दुसरा फायदा असा की पहिल्या शंभरात सापडलेल्या चुका पुढच्या छपाईत सुधारता येतात.

४. किंमत किती ठेवावी?

उदाहरणाने पाहू. २०८ पानांचं पुस्तक, ५०० प्रती, छपाई-बांधणी प्रतीला ९० रुपये. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ मिळून ३०,००० रुपये, म्हणजे प्रतीला आणखी ६०. एकूण १५०. किंमत २५० ठेवली आणि वितरकाला ४० टक्के सूट दिली, तर हातात येतात बरोबर १५०. नफा शून्य, तोही सगळ्या ५०० प्रती खपल्या आणि वसूलही झाल्या तर. भेट दिलेली प्रत्येक प्रत इथे तोट्यात जाते.

म्हणून दुकानांतून विकायचं असेल तर छपाईखर्चाच्या तीन ते चार पट किंमत लागते. थेट वाचकाला विकणार असाल तर कमीत भागतं, पण मग दुकानाची वाट पुढे बंद होते, कारण छापलेली किंमत नंतर वाढवता येत नाही. आणखी एक गोष्ट विसरली जाते. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण प्रेसच्या बिलावर असतो, आणि तो तुम्हाला कुठे वळता करून घेता येत नाही. दरपत्रक मागताना ‘करासह’ मागा.

५. आयएसबीएन लागतोच का? तो विकत घ्यावा का?

कायद्याने सक्ती नाही. घरगुती स्मरणिका, पंच्याहत्तरीनिमित्त काढलेलं पुस्तक, यांना नसला तरी चालतं. दुकानं, ग्रंथालयं, ऑनलाइन विक्री आणि पुरस्कार यांच्यासाठी मात्र हवा.

भारतात तो मोफत मिळतो. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो देते. अर्ज ऑनलाइन असतो आणि लेखक वैयक्तिक नावानेही करू शकतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि पुस्तकाचं शीर्षकपान किंवा मुखपृष्ठ तयार ठेवा. कोणी ‘आयएसबीएनचे दोन हजार’ म्हणत असेल तर ते फार तर फॉर्म भरण्याची मजुरी मागत आहेत. त्यांच्या नावावरचा क्रमांक तुमच्या पुस्तकाला लागला, तर नोंदीत प्रकाशक म्हणून तेच दिसतील.

मंजुरीला वेळ लागू शकतो. प्रकाशन समारंभाची तारीख ठरवून मग अर्ज करणं ही नेहमीची चूक. मुखपृष्ठाचं काम सुरू होण्याआधीच अर्ज टाका.

आयएसबीएन मिळाला म्हणजे कॉपीराइट मिळाला, असं नाही. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही (प्रश्न १५).

६. ई-पुस्तकाला आणि दुसऱ्या आवृत्तीला तोच आयएसबीएन चालतो का?

रूप बदललं की क्रमांक बदलतो. पेपरबॅकचा वेगळा, पुठ्ठा बांधणीचा वेगळा, ईपबचा (ई-पुस्तकाच्या फाइलचा एक प्रकार) वेगळा. काहीही न बदलता केलेल्या पुनर्मुद्रणाला जुनाच क्रमांक चालतो, चार-दोन मुद्रणदोष काढले तरीही. नवं प्रकरण घातलं किंवा मजकूर ठळकपणे बदलला तर ती नवी आवृत्ती, आणि तिला नवा क्रमांक. किंडलवर आयएसबीएन नसला तरी अडत नाही, ॲमेझॉन स्वतःचा क्रमांक देतं. छापील पुस्तकाचा आयएसबीएन तिथे टाकू नका.

७. माझं पुस्तक श्रीलिपीत टाइप केलेलं आहे. तीच फाइल वापरली तर काय बिघडतं?

छपाईपुरतं काही बिघडत नाही, ई-पुस्तकासाठी सगळंच बिघडतं. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव यांच्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तो फाँट नसलेल्या मोबाइलवर किंवा किंडलवर वाचकाला नुसता रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. शिवाय मजकूर शोधता येत नाही.

युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यांनी काम संपत नाही. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षराच्या शेवटी, कारण तिथे डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने टाइप करतात. युनिकोडचा क्रम उच्चाराचा असतो. रूपांतरात हीच अदलाबदल चुकते. ‘वर्षांनी’, ‘निश्चित’, ‘मूर्ती’, ‘कार्यकर्त्यांनी’ असे शब्द आधी तपासा. त्यानंतर ऑ, ॲ, हृ, ष्ट्र, श्र, द्य, अवतरणचिन्हं आणि आकडे. रूपांतरानंतर पहिल्या पानापासून नवं मुद्रितशोधन करावंच लागतं, आणि त्याचा खर्च आधी धरलेला बरा.

नवीन लेखन पहिल्यापासून युनिकोडमध्येच करा. मांडणी करणारा ‘माझ्याकडे जुनंच सॉफ्टवेअर आहे’ म्हणाला तर दुसरा शोधा.

८. स्क्रीनवर बरोबर दिसणारी जोडाक्षरं छापताना किंवा किंडलवर का मोडतात?

कारणं बहुधा चार असतात.

पहिलं, इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधली सेटिंग. देवनागरीसाठी परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावावा लागतो. नाही लावला तर वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि हलन्त उघडे पडतात.

दुसरं, अक्षरांमधली जागा. शीर्षक पसरट दिसावं म्हणून डिझायनर अक्षरांत अंतर वाढवतो आणि शिरोरेषा तुटते. इंग्रजी शीर्षकाला शोभणारी ही युक्ती मराठीत चूक ठरते. प्रकरणाचं पहिलं अक्षर मोठं करण्याचीही हीच गत: ‘क्षितिज’मधला नुसता ‘क’ मोठा होतो आणि बाकीचं खाली लोंबकळत राहतं.

तिसरं, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. डोंगरातल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ हे वेगळे शब्द; ‘आचाऱ्यांना’ जेवण करायला सांगायचं असतं, ‘आचार्यांना’ नाही. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असतं. दुसऱ्यात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि मग हलन्त. फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना ते अदृश्य चिन्ह गळतं आणि दऱ्यांचा दर्या होतो. शुद्धलेखन तपासणीला ही चूक कळत नाही, कारण ‘दर्या’ हाही शब्द आहे. संपूर्ण फाइलमध्ये शोधा-बदला करून सगळीकडे दुसरा प्रकार करून घ्या.

चौथं, ल आणि श यांची वळणं. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठी वळणाची अक्षरं दिली आहेत. काही फाँटमध्ये ती असूनही दिसत नाहीत, कारण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदलेली नसते. इनडिझाइनमध्ये आणि ईपबच्या तपशिलात भाषा मराठी करा. टिरो देवनागरी मराठी, ‘मुक्त’ (Mukta), नोटो हे फाँट मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत. जुन्या व्यावसायिक फाँटच्या परवान्यात मात्र ई-पुस्तकाचा समावेश असेलच असं नाही.

९. मुद्रितशोधन कधी आणि कितीदा करून घ्यावं?

किमान दोनदा: मांडणीआधी वर्ड फाइलवर आणि मांडणीनंतर कागदावर काढलेल्या पानांवर. दुसरी फेरी टाळली जाते आणि तिथेच घात होतो. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द, नाहीसा झालेला परिच्छेद, अनुक्रमणिकेतले चुकीचे पानक्रमांक, पानाच्या माथ्यावर भलत्याच प्रकरणाचं नाव, या चुका मांडणीतच जन्माला येतात.

काम देताना एक गोष्ट ठरवून द्या. निवेदन ‘केले, गेले’ असं ठेवायचं की ‘केलं, गेलं’? दोन्ही चालतात, मिसळ चालत नाही. बोलीतले संवाद असतील तर ‘हे शुद्ध करू नये’ असं लिहून द्या, नाहीतर मालवणी किंवा वऱ्हाडी पात्र पुस्तकी बोलू लागेल.

स्वतः लेखकाने केलेलं मुद्रितशोधन धरू नका. डोळा छापलेलं वाचत नाही, आपण लिहिलं असावं असं वाटतं तेच वाचतो.

१०. प्रेसला पीडीएफ देण्याआधी काय तपासू?

पानाचा आकार (डेमी म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच) प्रेसच्या आकाराशी जुळतो का. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापणीसाठी बाहेर वाढवलेला जादा भाग) आहे का. चित्रं ३०० डीपीआयची (एका इंचात ३०० ठिपके) आहेत का. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो जवळजवळ कधीच चालत नाही, मूळ फाइल ईमेलने मागवा. सगळे फाँट पीडीएफमध्ये अंतर्भूत आहेत का.

आतला मजकूर फक्त काळ्या शाईत हवा. चार रंग मिळून केलेला काळा असेल तर प्लेटा केसभर सरकल्या तरी अक्षरांना सावली येते, आणि देवनागरीतल्या बारीक मात्रा-अनुस्वार आधी भरून जातात.

शिवणीकडचा समास १८ ते २० मिमी ठेवा. जाड पुस्तकात कमी पडला तर ओळींची टोकं कण्यात बुडतात.

पानांची संख्या १६ च्या पटीत आणा, निदान ८ च्या. ऑफसेटला १६ पानांचा एक फॉर्म धरला तर २०८ पानं म्हणजे १३ फॉर्म. २११ पानं झाली तर तीन पानांसाठी आणखी फॉर्म लावावा लागतो. मनोगत आटोपशीर करा, हे लगेच जमतं.

शेवटी एक छापील डमी हातात घ्या. ‘पीडीएफ पाहिली आहे, छापून टाका’ असं फोनवर सांगू नका.

११. कागद आणि बांधणी कशी निवडू? आणि कण्याची जाडी कोण सांगणार?

मजकुरासाठी ७० किंवा ८० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), शक्यतो किंचित पिवळसर छटेचा. पांढराशुभ्र कागद दिव्याखाली डोळ्यांवर येतो. ७० जीएसएममध्ये मागच्या पानाची अक्षरं दिसतात का, ते नमुन्यावर पाहा. मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड. मॅट लॅमिनेशन देखणं असतं, पण गडद रंगावर बोटांचे ठसे आणि ओरखडे लगेच उठतात.

डिंकाची बांधणी साध्या कागदाला चालते. गुळगुळीत आर्ट पेपरवर डिंक नीट धरत नाही, म्हणून रंगीत छायाचित्रांचं पुस्तक डिंकावर बांधलं तर पानं सुटतात. तिथे धाग्याची शिलाई घ्या.

कण्याचा हिशेब असा: पानं भागिले दोन, गुणिले एका कागदाची जाडी. २०८ पानांचे १०४ कागद, ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी, म्हणजे १०.४ मिमी. मुखपृष्ठाचे दोन थर धरून ११ मिमी. पण एकाच जीएसएमचे दोन गिरण्यांचे कागद जाडीला सारखे नसतात. नक्की आकडा प्रेसकडून, प्रत्यक्ष वापरणार त्या कागदावरून घ्या आणि मगच मुखपृष्ठ पूर्ण करा. उलट केलं की पुस्तकाचं नाव कण्यावरून घसरून मलपृष्ठावर येतं. ऐन वेळी कागद बदलला तर कणाही बदलतो, हे डिझायनरला कोणीच कळवत नाही.

१२. छापील पुस्तकाची पीडीएफच ई-पुस्तक म्हणून अपलोड केली तर?

मोबाइलवर वाचकाला प्रत्येक ओळ बोटांनी मोठी करून सरकवत वाचावी लागेल, आणि पहिला अभिप्राय एका ताऱ्याचा येईल. ई-पुस्तकाचा मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहता हवा. युनिकोड वर्ड फाइल किंवा ईपब द्या. मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी करून वर्ड फाइल बनवायला जाऊ नका, वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. मांडणी करणाऱ्याकडून मूळ फाइलच घ्या (प्रश्न २).

फाइलमध्ये प्रकरणांची नावं ‘हेडिंग’ शैलीत असली तरच अनुक्रमणिका चालते. ‘पान ४७ पाहा’ असे उल्लेख काढा, कारण तिथे पान ४७ नसतं. तळटीपांना दुवे द्या. कवितेत लांब ओळ मोडून खाली आली तर ती नवी ओळ वाटू नये म्हणून मोडलेला भाग आत सरकेल अशी मांडणी करा. मुखपृष्ठ वेगळं लागतं: फक्त पुढची बाजू, उंची २५६० आणि रुंदी १६०० पिक्सेल, आरजीबी (पडद्यासाठीच्या) रंगात. अंगठ्याएवढं केल्यावर नाव वाचता येतं का, ते पाहा.

वाचक मराठी पुस्तकही रोमन लिपीत शोधतात. केडीपीवर (किंडलवर पुस्तक टाकायची ॲमेझॉनची सेवा) शोधशब्दांच्या सात जागा असतात, त्यांत पुस्तकाचं आणि तुमचं नाव रोमन स्पेलिंगनेही टाका.

१३. किंडलवर ‘सिलेक्ट’ची खूण केली तर काय अडकतं?

‘सिलेक्ट’ ही ॲमेझॉनची ऐच्छिक योजना. तिच्यात ई-पुस्तक ९० दिवस फक्त ॲमेझॉनकडे राहतं आणि मुदत आपोआप पुढे चालू होते. त्या काळात तेच ई-पुस्तक बुकगंगा, गुगल प्ले किंवा स्वतःच्या संकेतस्थळावर विकता येत नाही, फुकटही ठेवता येत नाही. नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंत मजकूर चालतो. छापील पुस्तकावर बंधन नाही.

मोह कशाचा, तर ॲमेझॉनच्या भारतीय दुकानातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी सिलेक्टमध्ये असल्याशिवाय मिळत नाही, नाहीतर ३५ टक्के. ७० टक्क्यांच्या पर्यायात फाइलच्या आकारावर डिलिव्हरीचा खर्च कापला जातो, तेव्हा जड चित्रं हलकी करून टाका. शिवाय ई-पुस्तकाची किंमत छापील किमतीपेक्षा किमान २० टक्के कमी लागते.

मराठी लेखक अडकतात ते इथे: कादंबरी आधी ब्लॉगवर किंवा डिजिटल दिवाळी अंकात क्रमशः आलेली असते आणि अजून तिथेच असते. ती उतरवल्याशिवाय सिलेक्टमध्ये जाऊ नका. छापील दिवाळी अंकात आलेली असेल तर हरकत नाही.

१४. किंडलच्या करविषयक प्रश्नावलीत काय भरायचं? आणि छापील मराठी पुस्तकही तिथूनच निघेल का?

खात्यात अमेरिकेच्या करासाठी डब्ल्यू-८बीईएन हा फॉर्म भरावा लागतो. त्यात तुमचा पॅन क्रमांक टाकून भारत-अमेरिका कर-करार लागू केलात तर अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीवर १५ टक्के कापले जातात, नाहीतर ३०. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातला मराठी वाचक तुमचं पुस्तक घेतो तेव्हा हा फरक पडतो. पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात.

छापील पुस्तकाचं उत्तर नाही असं आहे. केडीपी मराठी ई-पुस्तक घेतं, मराठी पेपरबॅक घेत नाही. त्यासाठी भारतातल्या मागणीनुसार छपाईच्या सेवा पाहा, उदाहरणार्थ पोथी डॉट कॉम किंवा नोशन प्रेस. तिथे एकेक प्रत छापली जाते, साठा करावा लागत नाही. प्रत महाग पडते.

१५. कॉपीराइटची नोंदणी करावी का?

हक्क लेखनाबरोबरच जन्मतो, नोंदणी सक्तीची नाही. वाद झाला तर पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

त्यापेक्षा जास्त नुकसान करारांत होतं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी असावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क, कायमचे’ अशा ओळीवर सही केलीत तर ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद सगळं गेलं.

१६. दिवाळी अंकात आलेल्या माझ्याच कथा पुस्तकात घ्यायला परवानगी लागते का? चित्रं, गाणी, पत्रं?

कथा बाहेरून लिहून दिली असेल आणि लेखी हस्तांतर नसेल तर हक्क तुमचाच. ऋणनिर्देशात अंकाचं नाव आणि वर्ष घालणं ही रीत आहे. कथेसोबतची चित्रं मात्र तुमची नव्हेत. अंकाची आणि चित्रकाराची, दोघांचीही परवानगी घ्या.

चित्रपटगीताची किंवा भावगीताची अख्खी कडवी प्रकरणाच्या डोक्यावर टाकण्याची हौस सर्रास दिसते. समीक्षेसाठी ओळ उद्धृत करणं वेगळं, सजावटीसाठी वापरणं वेगळं. परवानगी नसेल तर काढा. इंटरनेटवरून उचललेल्या छायाचित्राचंही तेच.

एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीने तुम्हाला लिहिलेलं पत्र तुमच्या कपाटात असलं, तरी त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि नंतर वारसांचा. कागद तुमचा, शब्द त्यांचे.

१७. आजोबांची अप्रकाशित डायरी छापायची आहे. मी नातू म्हणून सही करू शकतो ना?

एकट्याने नाही. मृत्युपत्रात डायरी किंवा हक्क कोणाच्या नावे केला नसेल तर तो सगळ्या वारसांचा सामाईक असतो. आत्या, काका, चुलत भावंडं, जे कोणी कायद्याने वारस असतील त्यांची एका कागदावर संमती घ्या आणि मगच छपाईला जा. हे पुस्तक निघाल्यावर करायला गेलात तर नात्यांतले जुने हिशेब त्यात येतात.

लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या साहित्याचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे मृत्यूला सत्तर वर्षं झाली म्हणून ती डायरी आपोआप मोकळी होत नाही. डायरीत हयात माणसांबद्दल बोचरा मजकूर असेल तर बदनामीच्या दृष्टीने वकिलाला दाखवा.

१८. जुन्या लेखकाचं दुर्मिळ पुस्तक मी पुन्हा काढलं तर?

लेखकाच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजा. १९६४ साली निधन झालेल्या लेखकाची हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं १ जानेवारी २०२५ पासून मोकळी झाली. सापळे तीन: नंतरच्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा, अनुवादकाचा स्वतंत्र हक्क, आणि मुखपृष्ठावरचं चित्र. मूळ आवृत्ती मिळवून तिच्यावरूनच अक्षरजुळणी करा.

१९. पुस्तक निघाल्यावर सरकारला प्रती पाठवाव्या लागतात का? अनुदानाचं काय?

हो. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत स्वखर्चाने एकेक प्रत चार ठिकाणी द्यायची: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय (एशियाटिक), चेन्नईचं कन्नेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. कायद्यातला दंड किरकोळ आहे, पण तुमचं पुस्तक पुढच्या अभ्यासकाला सापडायची हमी इथेच मिळते. छपाईच्या आकड्यात या चार प्रती धरा (प्रश्न ३).

सार्वजनिक ग्रंथालयांत पुस्तक जावं असं वाटत असेल तर शासनमान्य ग्रंथयादीसाठी ग्रंथालय संचालनालयाची सूचना निघते, तिच्यावर लक्ष ठेवा. मुदत चुकली की ते वर्ष गेलं.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. घाईने स्वखर्चाने पुस्तक काढून मग अर्ज करायला गेलात तर ‘नवलेखक’ राहत नाही. आधी नियम वाचा, मग प्रेस गाठा.

२०. पुस्तकं टपालाने पाठवायला स्वस्त मार्ग कोणता?

जुनी ‘बुक पोस्ट’ विसरा. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळे, सोबत ट्रॅकिंग. जमिनीवरून जाते, त्यामुळे वेळ धरा.

दोन बारकावे. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. पुस्तकांवरचे छपाईचे जुने नियम नव्या कायद्याने मार्च २०२४ पासून गेले, म्हणून काहीजण शीर्षकपानाच्या मागची ही माहिती गाळतात, गाळू नका. दुसरं वजन: २०८ पानी डेमी पुस्तक ८० जीएसएम कागदावर मुखपृष्ठासह २७० ग्रॅमच्या आसपास भरतं. जाड खोकं वापरलं की ३०० च्या वर जातं. पातळ पुठ्ठा आणि कागदी पाकीट पुरतं, मात्र पावसाळ्यात आत प्लास्टिकची पिशवी हवीच.

२१. छापून झाल्यावर चूक सापडली. आता?

किती मोठी, त्यावर आहे. एखाद-दुसरा मुद्रणदोष सोडून द्या आणि पुढच्या छपाईसाठी टिपून ठेवा. नाव, तारीख, नातं किंवा श्रेय चुकलं असेल तर शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून पहिल्या पानाला कडेने चिकटवा. सुटी ठेवलेली गळून पडते. आयएसबीएन किंवा बारकोड चुकला तर पांढऱ्या स्टिकरवर छापून त्याच जागी लावा, पण आधी तो स्कॅन करून पाहा. एखादं पान आक्षेपार्ह किंवा कायद्याने अडचणीचं निघालं तर विक्री थांबवा. डिंकाच्या बांधणीत ते पान कापून तिथे दुसरं चिकटवता येतं, वेळखाऊ आहे एवढंच. अख्खा फॉर्म उलटसुलट लागला असेल तर तो प्रेसचा दोष. गठ्ठे उघडून प्रत्येकातली एक प्रत पहिल्याच दिवशी चाळा आणि दोष लेखी कळवा, कारण बिल चुकतं केल्यावर महिन्याने केलेली तक्रार कोणी ऐकत नाही.

ई-पुस्तकात नवी फाइल चढवली की झालं. ज्यांनी आधी विकत घेतलं आहे त्यांच्याकडे मात्र जुनीच प्रत राहू शकते.